वायरमनचा विंचू

बाकीच्या गावांत लाइट गेली की लोक वायरमनला शोधतात. आमच्या गावात लोक आधी आभाळाकडे बघत. आभाळ भरून आलेलं असेल, वारा सुटलेला असेल, तर कुठंतरी तार तुटली असेल असं म्हणून मुकाट्यानं कंदील पेटवत. पण आभाळ स्वच्छ असेल आणि अमावास्या जवळ आलेली असेल, तर ओट्याओट्यावरून एकच वाक्य ऐकू येई, "घालवली बगा वायरमननं लाइट. बसला आसंल फोटो काढत."

आमच्या वायरमनला नक्षत्रांचे फोटो काढायचा नाद होता. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. वडूजपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, आणि वडूजच्या स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ. अंगात खाकी पँट, मागच्या खिशात पक्कड, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, अशा वेषात हा गृहस्थ एका दुपारी दुकानात शिरला आणि त्यानं काउंटरवर एक रोल ठेवला. बोलता बोलता मध्येच थांबून वर बघायची त्याला सवय होती. वर माझ्या दुकानाचा पत्रा होता. हा पत्र्याकडे काय बघतोय म्हणून मीही वर बघितलं. त्या दिवसापासून मला त्याचा संशय यायला लागला.

मी जात्याच संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक फोटो न्यायला आठ दिवस उशिरा आलं तर मला वाटे, यानं दुसरीकडे काढून घेतले. बायको दुपारी डबा पाठवताना दोन पोळ्या जास्त घालायची तरी मला वाटे, आज काहीतरी मागणी आहे. तर अशा माणसाच्या हातात वायरमनचा रोल पडला. मी तो धुतला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कोऱ्या, आणि त्यांवर नुसती धूळ. तरी गिऱ्हाईकाचं समाधान म्हणून त्यातली एक फ्रेम मोठी करून छापली. काळाकुळकुळीत कागद आणि त्यावर पांढरी टिंबं. धुळीचे असे डाग बारीक ब्रशनं काळ्या शाईनं भरून काढायचे, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मी दुपारभर मान मोडून बसलो आणि एकेक टिंब भरून काढलं. संध्याकाळी वायरमन आला तेव्हा मोठ्या अभिमानानं तो निर्मळ काळा कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं तो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा, मृग पुसलासा की."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. यानं माझाच ब्रश उचलला आणि मागच्या कोऱ्या बाजूला ठिपके काढून दाखवले. हे मृगाचे चार पाय, हा मधला बाण, हा मागं लागलेला व्याध. "तुमी धूळ म्हंता त्यो व्याध हाय," तो म्हणाला. "पुन्यांदा छापा. आता न्हाई कळलं तरी चालंल." मी म्हटलं, यात छापण्यासारखं काय आहे, आभाळ तर रोज डोक्यावर असतं. तेव्हा त्यानं जे उत्तर दिलं ते पुढं शंभरदा ऐकलं. "धुवून बगा, मंग बोला."

हे त्याचं पालुपद होतं. रोल बाद झाला असेल म्हटलं तरी तेच, ढग होते म्हटलं तरी तेच. कॅमेरा त्याच्या मेव्हण्यानं मिलिटरीतून सुटून येताना कुठूनसा आणलेला, जुना, वजनदार. त्याला सेल लागत नसे. बटण दाबून अडकवून ठेवलं की पाहिजे तितका वेळ डोळा उघडा राही. त्याला फोटोतलं सगळं शास्त्र येत होतं असंही नाही. बरंचसं तो चुकून चुकून शिकला. पण निकाल हातात येण्याआधी बोलायचं नाही, हे त्यानं पाळलं होतं. मला ते कधी जमलं नाही.

वायरमन मूळचा आटपाडीकडचा, बौद्ध घरातला. गावात खोली मिळायला त्याला तीन महिने लागले. खोल्या रिकाम्या होत्या, पण तो विचारायला गेला की नेमका कुणाचा तरी पाहुणा येणार असे. शेवटी दवाखान्याच्या मागं एक पत्र्याची खोली मिळाली. आमच्या संशयाला ही एक जुनी बाजू होती. ती कुणी तोंडानं बोलत नसे, मीही बोललो नाही, पण ती होती.

म्हसोबाची टेकडी गावाच्या वायव्येला. वर चढायला चांगला अर्धा तास लागतो, वाट नागमोडी आहे, आणि टेकडीच्या पायथ्याशीच गावाची डीपी, म्हणजे जिथून सगळ्या गावाला वीज जाते तो ट्रान्सफॉर्मर. वायरमन अंधाऱ्या पंधरवड्यात सायकल पायथ्याला लावून टेकडीवर जायचा. हातातल्या बॅटरीला बांगडीवाल्याकडचा लाल कागद गुंडाळलेला. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात, मग बारीक चांदण्या दिसत नाहीत, म्हणून लाल. गावाला खालून दिसे तो टेकडीवर हलणारा एक लाल ठिपका. कोणी म्हणालं, धन शोधतोय. कोणी म्हणालं, वर कुणाला तरी खुणा करतोय. मी फोटोग्राफर असून, लाल दिव्याखाली रोज बसणारा माणूस असून, मीही मान हलवली.

त्यात त्यानं सुताराकडून एक यंत्र करून घेतलं. दोन फळ्या, त्यांना जोडणारी एक दाराची बिजागरी आणि खालून वर येणारा एक लांब स्क्रू. बिजागरीचं तोंड ध्रुवाकडे करायचं, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि मिनिटाला एक फेरा या हिशेबानं स्क्रू हातानं फिरवायचा. सुतारानं विचारलं, हे कशाला? "आभाळ फिरतंय, त्याच्यासंगं कॅमेरा फिरवाय पायजे," वायरमननं सरळ सांगितलं. सुतार दुसऱ्या दिवशी पारावर सांगत होता, "आभाळ फिरवायचं मशीन करून घेतलंय गड्यांनो. माज्याच हातनं." लोक हसले, पण त्या आठवड्यात दोनदा लाइट गेली आणि मग कोणी हसलं नाही.

याच सुमाराला त्याची वही माझ्या दुकानात राहिली. शाळेच्या पोरांची असते तसली साधी वही. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला माहीत होतं. मी दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि वाचली. प्रत्येक ओळीला तिथी आणि पुढं नोंद. 'मृग. दहा मिनिटं. बरा.' 'कृत्तिका. ढग आला.' 'शर्मिष्ठा. स्क्रू अडकला.' आणि मधूनमधून, विशेष करून अमावास्येच्या आसपास, नुसता एकच शब्द, 'खांबावर.' ना नक्षत्राचं नाव, ना मिनिटं. मी मोजले, असे अकरा 'खांबावर' होते. काही रात्री मला आठवत होत्या, कारण त्या रात्री गावात लाइट नव्हती. मला वाटलं, सापडला! वेडा माणूस, कुठल्या कुठल्या रात्री खांबावर चढून लाइट घालवली ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवतोय. संध्याकाळी तो वही न्यायला आला. म्हणाला, "वाचली का?" मी म्हणालो, "छे, मी कशाला वाचू?" तो म्हणाला, "वाचाय पायजे हुती. त्यात पोजर, कितींदा डोळा उघडा ठेवला त्ये, लिवलंय सगळं, तुमाला उपेगी पडलं आसतं."

आता त्याच्या विंचवाबद्दल सांगायला पाहिजे. चैत्राच्या शेवटी रात्री उशिरा आग्नेयेला वृश्चिक उगवतो. टेकडीवरून बघितलं तर तो बरोबर आमच्या गावाच्या डोक्यावर उभा राहतो. तोंड वर, नांगी खाली गावाकडे. मधोमध लाल ज्येष्ठा. हे चित्र त्याला पाहिजे होतं. पण चौकातला मर्क्युरीचा मोठा दिवा, गिरणीवरचा दिवा आणि रस्त्यांवरच्या ट्यूबा यांच्या उजेडात नांगीच्या बारीक चांदण्या बुडून जात. दोन वर्षं त्यानं खटपट केली. मग त्यानं एक गोष्ट केली, जी दुसरा कुठलाही वायरमन करणार नाही. त्यानं ग्रामसभेत अर्ज दिला.

अर्ज मी स्वतः ऐकला आहे. 'चैत्र अमावास्येच्या आधी एक रात्र, अकरा ते साडेअकरा, गावातील रस्त्यांवरचे दिवे ग्रामसभेच्या परवानगीने बंद ठेवावेत. घरातली लाइट चालू राहील. वृश्चिक राशीचा फोटो घ्यावयाचा आहे. फोटो ग्रामपंचायतीस भेट देण्यात येईल.' ग्रामसेवकानं वाचून दाखवला आणि सगळ्यांनी सरपंच आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "आवं वायरमन, इंचूच पायजे आसंल तर दगूड उचला की एकांदा. लाइट कशापायी घालवताय?" सभा हसून हसून लोळली. वायरमनही हसला. म्हणाला, "बरं आबा. मंग उजेडासकट काढतो. खाली गाव, वर इंचू. बगू कसा येतोय."

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "ज्याच्या हातात सगळ्या गावाचं बटण, तो अर्ज कशाला करील? उद्या लाइट घालवली तर सांगायला बरं, मी तर परवानगी मागितली होती." ती म्हणाली, "आवो, ज्याला घालवायचीच हाय त्यो इचारत बसंल व्हय?" मी तिला गप्प केलं. बायकोचं बरोबर असलं की मला फार राग येई.

अर्जाला पंधरा दिवसही झाले नसतील. त्या रात्री क्रिकेटची मॅच होती. परदेशात चाललेली, तिकडच्या दिव्यांत, म्हणून आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अर्धी आळी. मी आबांच्या सोप्यात होतो. पाच षटकं राहिलेली, आपल्याला जिंकायला थोड्याच धावा हव्या, आणि अकराला लाइट गेली. मग चारी बाजूंनी जो आरडाओरडा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. कोणीतरी अंगणात जाऊन वर बघितलं. आभाळात ढगाचं पुसट बोटसुद्धा नव्हतं.

पोरं बॅटऱ्या घेऊन निघाली, त्यांच्यात मीही होतो. आधी त्याच्या खोलीवर गेलो, खोलीला कुलूप. तिथून डीपीवर. बॅटरीचा झोत वर टाकला तर वायरमन खांबावर. "वरच हाय रं! वरच घावला!" पोरं ओरडली. मी घड्याळ बघितलं. लाइट जाऊन वीस मिनिटं झाली होती. वरून तो म्हणाला, "डीओ, डीपीचा फ्यूज, उडालाय. टेकडीवरनं दिसलं तवा पळत आलो." एक पोरगा म्हणाला, "लाइट गेली अन् लगीच टेकडीवरनं आलासा? उडत?" वायरमन धापा टाकत होता. मला ते नाटक वाटलं. तो फ्यूज बसवून लाइट येईपर्यंत मॅच संपलेली होती, आणि ती आपण हरलो होतो. यातली हार त्याच्या नावावर जमा झाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर हा दारात. डोळे लाल, ढोपर फुटलेलं. हातात रोल. "दादा, शेवटची फ्रेम जपून धुवा. बाकीच्या गेल्या तरी चालतील," तो म्हणाला. मी रोल घेतला, त्याच्यादेखत ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणालो, बघू. मनात म्हणालो, गाव अंधारात घालून काढलेला विंचू माझ्याच हातनं धुवून घ्यायला आलाय. मी ड्रॉवर ढकलला आणि त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तीन दिवसांनी लाइट ऑफिसचे साहेब चौकशीला आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत बायामाणसांसकट गाव जमलं होतं. तक्रारीवर सह्यांची रांग लागलेली, माझी सहावी. अर्ज पुढं ठेवला गेला. आबा म्हणाले, "सायेब, ह्यो बगा, कागुदच हाय. आदी मागितली, न्हाई म्हनल्यावर घालवली." साहेबांनी विचारलं, याचे फोटो धुतं कोण? लोकांनी मला पुढं केलं.

"काय असतं त्याच्या रोलमध्ये?"

"काळं," मी म्हणालो. सगळे हसले. तो हशा मला आवडला. त्या हशाच्या भरात, कोणी न विचारता, मी पुढचं सांगून टाकलं. "साहेब, त्याची वही बघा. ज्या ज्या रात्री लाइट गेली, त्या त्या रात्रीपुढं लिहिलंय, खांबावर."

वायरमननं माझ्याकडे बघितलं. वही वाचली नाही असं मी त्याला सांगितलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. त्यानं पिशवीतून वही काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "सायेब, लाइट गेली की मी खांबावरच आसतो. त्येच लिवलंय." साहेब म्हणाले, "आम्हीही तेच म्हणतोय." पुन्हा हशा झाला.

मग तो माझ्याकडे वळला आणि एवढंच विचारलं, "दादा, रोल धुतला का?"

"वेळ झाला नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि खाली बसला. त्यानंतर त्यानं कुणाच्याच प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

महिन्याच्या आत त्याची बदली खंडाळ्याला झाली. जायच्या दिवशी तो वडूजच्या स्टँडवर आला, पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि सुतळीनं बांधलेल्या त्या दोन फळ्या. माझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर. तो दुकानाच्या दिशेनं येताना दिसला तसा मी आतल्या अंधाऱ्या खोलीत गेलो आणि दाराबाहेरचा दिवा लावला. तो दिवा लावलेला असला की आत काम चालू आहे, दार उघडायचं नाही, असा अर्थ. हे त्याला माहीत होतं. त्यानं दार वाजवलं नाही. मी आत रिकाम्या ट्रेसमोर उभा राहिलो आणि त्याची गाडी सुटल्याचा आवाज आल्यावर बाहेर आलो.

नवा वायरमन आला. त्याला आभाळाशी काही देणंघेणं नव्हतं. तो वडूजला राहायचा, संध्याकाळची गाडी पकडून जायचा. लाइट पूर्वी जायची तशीच जात राहिली, फरक इतकाच की आता ती सकाळी नऊनंतर यायची. तरी पहिले काही महिने लाइट गेली की लोक सवयीनं वर बघत. दिवाळीच्या सुमाराला एका स्वच्छ रात्री लाइट गेली आणि आम्ही अंधारात जेवायला बसलो होतो. बायको म्हणाली, "आता कोन वो काढतंय इंचवाचा फोटू?"

मी ताट सारून उठलो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ड्रॉवर ओढला. रोल मागं सरकून जुन्या पाकिटांखाली गेला होता. तो धुतला, वाळवला आणि शेवटची फ्रेम मोठ्या कागदावर छापायला घेतली. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत उभा राहिलो.

आधी खाली गावाचे दिवे उमटले. चौकातला मर्क्युरीचा, गिरणीचा, आबांच्या वाड्यासमोरचा. मग वर विंचू उमटला, पण ठिपक्यांचा नव्हे. प्रत्येक चांदणीची एक तिरपी लांब रेघ झाली होती. म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा दोन-अडीच तास उघडाच राहिला होता आणि स्क्रू फिरवायला तिथं कोणी नव्हतं. आणि मग गावाच्या दिव्यांच्याही खाली, काळ्या टेकडीच्या अंगावर, एकेक करून बारीक ठिपके दिसायला लागले. मला धूळ वाटली. हात सवयीनं ब्रशकडे गेला आणि थांबला.

ते ठिपके अगदी कागदाच्या खालच्या कडेपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या पायापासून निघाले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, नागमोडी टेकडी उतरत उतरत डीपीच्या खांबापाशी संपत होते. ती त्याची बॅटरी होती. लाल कागद काढून टाकलेली असणार, लाल उजेड इतक्या लांबून उमटला नसता. प्रत्येक वळणावर तिचा उजेड क्षणभर मागं वळला होता आणि त्याच्याच कॅमेऱ्यानं तो टिपला होता. लाइट गेल्यावर वीस मिनिटांत मी त्याला खांबावर बघितलं होतं, घड्याळ माझ्याच मनगटावर होतं. त्यानं डीपीवरून लाइट घालवली असती, तर वर चढायलाच अर्धा तास लागला असता, मग कॅमेरा उघडून पुन्हा खाली उतरायचं. आणि कॅमेरा आधी उघडून, खाली येऊन घालवली असती, तर स्क्रूपाशी कोणी नसल्यानं विंचवाच्या रेघाच होणार, मग ती घालवायची कशाला? लाइट गेली तेव्हा तो टेकडीच्या माथ्यावर होता. तिथून, दोन वर्षं वाट बघितलेला विंचू तसाच उघड्यावर टाकून, तो धावत सुटला होता. आमची मॅच चुकू नये म्हणून.

मी तिथंच स्टुलावर बसलो. मग मला त्याच्या वहीतले ते अकरा 'खांबावर' आठवले. गावात संपूर्ण अंधार, वर स्वच्छ आभाळ, फोटोला याहून चांगली रात्र नाही, आणि नेमक्या त्याच रात्री हा खांबावर. त्याच्या हुकलेल्या फोटोंची ती यादी होती. आणि मी ती पुरावा म्हणून गावासमोर मांडली होती.

फोटो घेऊन मी आधी आबांकडे गेलो. त्यांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "मानूस बरा हुता म्हना की. पन आता बदली झाली न्हवं? मिटलं ते." मी तक्रारीवरची माझी सही मागं घेतो असं लाइट ऑफिसला लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. तेव्हा एके दिवशी दुकान बंद ठेवलं, साताऱ्यात गाडी बदलली आणि खंडाळ्याला उतरलो.

हमरस्त्याला लागून त्याची खोली होती. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. समोर ढाब्यांच्या ट्यूबांची रांग, ट्रकांचे दिवे अखंड चाललेले. वर बघितलं तर आभाळ राखाडी. दोन चांदण्या मोजता आल्या असत्या. कॅमेरा खिळ्याला टांगलेला होता, वर रुमाल बांधलेला. दोन फळ्यांवर पाण्याची कळशी ठेवली होती. मला बघून तो पटकन उठला, "या दादा, या," म्हणून खाट झटकली आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मी पाकीटच पुढं केलं.

त्यानं फोटो दिव्याखाली धरला. आधी विंचू बघितला. "रेघा आल्या. येनारच," तो म्हणाला. मग बोट त्या ठिपक्यांवरून सावकाश फिरवलं, एकेका वळणावर थांबत. एका ठिकाणी म्हणाला, "हितं पडलो हुतो." मग माझ्याकडे बघून बारीक हसला. "ह्यातलं काय पुसलं न्हाईसा न्हवं?"

"एकही नाही," मी म्हणालो आणि मला रडू आलं. चाळिशीचा माणूस मी, परक्या खाटेवर बसून रडलो. तो स्टोव्हची वात खालीवर करत राहिला.

थोड्या वेळानं मी विचारलं, मग डीओ उडाला कशानं?

"समद्या गावात टीव्ही चालू, आनी त्यात कुनीतरी आकडा टाकून मोटार लावली. तार काळी पडल्याली बगितली मी."

"कुणी?"

"जाऊंद्या. आता कशाला."

"पण ह्या फ्रेममध्ये काय आहे ते तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?"

"व्हय. म्हनून तर पयल्यांदा तुमच्याकडं आनून दिला."

"अहो, मग साहेबांसमोर बोलला का नाहीत? एवढं सगळं गाव हसत होतं, एक शब्द बोलायचा होता."

त्यानं चहा गाळला, कप माझ्या हातात दिला आणि बोलता बोलता थांबून सवयीनं वर बघितलं. वर नुसता पत्रा होता.

"बिनधुतल्या रोलावर काय बोलनार दादा?" तो म्हणाला. "तुमी धुवाल म्हनून थांबलो हुतो."

त्यानंतर तो पुन्हा आमच्या भागात आला नाही. निवृत्त होऊन आटपाडीला गेला आणि तिकडंच वारला, असं फार उशिरा कळलं. माझं दुकान त्यापुढं बरीच वर्षं चाललं. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या सहलीचे कितीतरी रोल आले. दुकान बंद करेपर्यंत माझ्या काउंटरवर पडलेला प्रत्येक रोल मी त्याच दिवशी धुतला.